काट्यावर न आलेलं लोखंड

कुपवाडच्या एमआयडीसीत, वळणावरच्या आमच्या भंगाराच्या दुकानात
दोरीला बांधलेला एक चुंबक आहे,
जुन्या स्पीकरच्या पोटातून काढलेला.
पितळ म्हणून कुणी काही आणलं की दस्तगीर तो वरून सोडतो.
चिकटलं तर लोखंड, वरचा मुलामा खोटा.
नाही चिकटलं तर पुढचं बोलायचं.
सव्वीस वर्षं एवढाच न्याय मी पाहिला
आणि मला तो पुरला.

मग आंघोळीच्या वेळी
डाव्या छातीत हाताला गाठ लागली.
बेअरिंगमधल्या छऱ्याएवढी,
पण छऱ्यासारखी गोल नाही.

मिरजेला डॉक्टर पट्टणशेट्टीबाईंनी
एक छोटी बाटली उजेडात धरली.
बंद पडलेल्या बोअरचं पहिलं पाणी येतं, तसला रंग.
"लोखंडच आहे," म्हणाल्या, "गंजाच्या नात्यातलं.
केसाच्या जाडीवर हजारभर कण शेजारी शेजारी बसतील,
आणि प्रत्येकाला साखरेच्या जातीचं अस्तर."
संक्रांतीला तिळावर पाक चढवताना
आई परात हलवत राहायची, ते आठवलं.
मी विचारलं, "किलोला काय भाव?"
त्या हसल्या.
मी गंमत केली नव्हती.

त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं :
गाठीतून निसटलेला चोर
काखेतल्या ज्या चौकीवर आधी थांबेल
तीच चौकी हे लोखंड आधी गाठणार.
मग काखेवरून कांडी फिरवायची,
ती ओरडेल तिथंच चिरायचं.
चौकी रिकामी निघाली, तर पुढच्यांना हात लावायचा नाही.
नाहीतर सगळी काख उकरावी लागते,
हात सुजतो, वजन उचलवत नाही.
काटा सांभाळणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं?

एक गोष्ट मात्र पटेना.
चुंबक लांब नेला की हे कण म्हणे विसरून जातात.
ओढ समोर आहे तेवढाच वेळ ओढ.
आमचा स्क्रू-ड्रायव्हर एकदा चुंबकावर घासला
की महिनाभर टाचण्या सोडत नाही.
मालक जाऊन नऊ वर्षं झाली,
त्यांनी खडूनं भिंतीवर लिहिलेला तांब्याचा भाव
मी अजून कुणाला पुसू देत नाही.
लोखंडाला विसरता यावं म्हणून
किती लहान करावं लागत असेल त्याला!

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही.
सिस्टर शुलमितनं नंतर सांगितलं,
कांडी आणण्याआधी स्टीलचे चिमटे लांब सारले,
प्लॅस्टिकचे घेतले,
नाहीतर ती त्यांच्यावरच ओरडत बसते.
"तेवढा वेळ त्या टेबलावर
लोखंड फक्त तुमच्याकडं होतं, मावशी."
का कोण जाणे, बरं वाटलं.

दोन चौक्या सापडल्या, मातकट रंगाच्या.
अकराव्या दिवशी कागद आला. दोन्ही रिकाम्या.
स्टँडवर मी भडंग घेतलं,
उजव्या हातानं खाल्लं,
डावा मांडीवर ठेवून, त्याच्याकडं बघत.

टोचलं तिथं डाग राहिलाय,
चहा सांडून वाळावा तसा.
साबणानं जात नाही. वर्षभर, कदाचित जास्तच राहील म्हणतात.
बाकीचं लोखंड हळूहळू अंगात जिरेल,
रक्ताच्या कामी येईल.
एवढ्या वर्षांत पावतीशिवाय घेतलेला
हा पहिलाच माल.

काल दस्तगीर नमाजाला गेला होता.
शटर अर्धं ओढून मी चुंबक काढला,
दोरीनं छातीजवळ सोडला, डागाच्या समोर.
सरळ लोंबत राहिला.
श्वास धरला. तरी सरळ.

बाहेर एक पोरगं पाइपांचं पोतं घेऊन उभं.
"मावशी, बंद काय?"
"न्हाई रे," म्हटलं, "ठेव काट्यावर."
आणि पोत्याचं एक टोक
डाव्या हातानं धरलं.